रोझमेरी कापायची कुठवर?

रोझमेरी आपल्याला भेटते ती पिझ्झ्यावर, नाहीतर केसांच्या तेलाच्या रील्समध्ये. त्यामुळे ती कालपरवा आलेली फॅशन वाटते. पण हे भूमध्य समुद्राकाठचं झुडूप फार जुनं आहे. लॅटिनमध्ये 'रोस' म्हणजे दव आणि 'मारिनुस' म्हणजे समुद्राचं. त्यातून हे नाव आलं. इ.स. ८००च्या सुमारास, शार्लमेनच्या काळात, शाही जमिनींच्या कारभारासाठी एक फर्मान निघालं. त्यातल्या बागेत लावायच्या झाडांच्या यादीत रोझमेरी आहे.

कुळाने ती तुळस-पुदिन्याची नातेवाईक. स्वयंपाकात मात्र मला ती कढीपत्त्याच्या जवळची वाटते. पान चिवट, म्हणून ती कोथिंबिरीसारखी शेवटी भुरभुरत नाहीत. मटण किंवा बटाटे भाजायला ठेवतानाच घालतात. तिच्या निर्यातीचं मूळही मला या चिवटपणातच दिसतं. कोथिंबीर दोन दिवसांत मान टाकते. रोझमेरी वाळली तरी वास धरून राहते आणि पोत्यात भरून समुद्र ओलांडते.

पुढे तिचा आणखी एक गुण हाताशी आला. तिच्या पानातल्या कार्नोसिक आम्लामुळे तेल लवकर खवट होत नाही. २०१० मध्ये युरोपीय संघाने तिच्या अर्काला 'ई ३९२' या क्रमांकाने खाद्यपदार्थांत परवानगी दिली. आता जिथे तिची चव कुणाला नको, अशा पाकिटांतही ती असू शकते. मागणी फक्त स्वयंपाकघराची राहिली नाही.

ही मागणी पुरवणाऱ्या देशांपैकी एक मोरोक्को. त्याच्या पूर्व भागातल्या कोरड्या डोंगरांवर, सरकारी वनजमिनीत, रोझमेरी आपोआप उगवते. गावकरी ती कापतात, वाळवतात. पाला, तेल आणि अर्क परदेशी जातो.

या झुडपाची एक खोड आहे. हिरव्या फांदीवर छाटलं तर ते पुन्हा फुटतं. खालच्या जुन्या, निष्पर्ण लाकडापर्यंत कापलं तर बहुधा फुटत नाही. मजुरी वजनावर असेल आणि पुढच्या वर्षी हाच डोंगर आपल्याला मिळेल याची खात्री नसेल, तर विळा खाली जाणारच. तिथे स्थानिकांच्या सहकारी संस्थांना कापणीचे हक्क देण्याची पद्धत आली, तिचं महत्त्व मला इथे कळतं. पुढच्या हंगामातही ज्याला त्याच झुडपाकडे यायचं आहे, तो दोन वीत वरच थांबतो.