शिवीचे नाव होते तेव्हा : 'दलित', 'क्वीअर' आणि आपण

माणसाला नाव कोणी द्यायचे, हा प्रश्न आंबेडकरी चळवळीला नवा नाही. पुण्यात शिकून दौंडला परतणारी आपली मुले-मुली हल्ली 'क्वीअर' हा शब्द सोबत आणतात. वस्तीत काम करताना आम्हाला विचारले जाते, हे काय नवीन फॅड? आमचे म्हणणे असे, की शब्द परका आहे, पण त्यामागचा झगडा आपल्या ओळखीचा आहे. मात्र नुसता शब्द उसना घेऊन आपली जबाबदारी संपत नाही.

इंग्रजीत हा शब्द सोळाव्या शतकापासून सापडतो. अर्थ साधा होता : विचित्र, चमत्कारिक. 'क्वीअर स्ट्रीट'वर असणे म्हणजे कर्जात बुडणे. १८९४ साली क्वीन्सबरीच्या मार्क्विसने एका पत्रात हा शब्द समलिंगी पुरुषांसाठी तुच्छतेने वापरला. या अर्थाच्या सर्वात जुन्या नोंदींपैकी ती एक. पुढच्याच वर्षी, त्याच मार्क्विसशी झालेल्या वादातून ऑस्कर वाइल्ड तुरुंगात गेला. विसाव्या शतकात या शब्दाची पुरती शिवी झाली. मग १९९० साली, एड्सने माणसे मरत होती आणि समाज तोंड फिरवत होता, तेव्हा न्यूयॉर्कमधल्या कार्यकर्त्यांनी 'क्वीअर नेशन' नावाची संघटना काढली. ज्या शब्दाने मारले जात होते, तोच त्यांनी फलकावर लिहिला. त्याच वर्षी टेरेसा डी लॉरेटिस यांनी 'क्वीअर थिअरी' हा शब्दप्रयोग विद्यापीठात आणला.

आता आपला इतिहास पाहा. बाबासाहेबांच्या पत्रांची नावे क्रमाने वाचा : 'मूकनायक' १९२०, 'बहिष्कृत भारत' १९२७, 'जनता' १९३०, 'प्रबुद्ध भारत' १९५६. मुका, बहिष्कृत, जनता, प्रबुद्ध. छत्तीस वर्षांचा हा प्रवास नावांमधूनच दिसतो. वरून दिलेले गोड नाव मात्र बाबासाहेबांनी घेतले नाही. १९३८ साली मुंबई विधानसभेत 'हरिजन' हा शब्द कायद्यात घालण्याचा प्रश्न आला, तेव्हा ते आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे सदस्य सभात्याग करून बाहेर पडले. पुढे १९७२ साली दलित पँथर उभी राहिली. तिच्या जाहीरनाम्याने 'दलित' या शब्दात भूमिहीन, कामगार आणि स्त्रियाही घेतल्या. पिचलेला असा अर्थ असणारा शब्द लढणाऱ्याचे नाव झाला. आणि आज आपल्यातले अनेक जण 'दलित' नको, 'बौद्ध' म्हणा, असे सांगतात. तोही त्यांचा हक्कच आहे. शिवी उचलून नाव करायचे की टाकून द्यायची, हे ज्याने ती सोसली त्यानेच ठरवायचे.

इथेच 'क्वीअर'चा पेच आहे. दौंडच्या बाजारात किंवा शिरूरच्या एसटी स्टँडवर कुणाला 'क्वीअर' म्हणून कुणी हिणवलेले नाही. इथे हिणवायचे शब्द आहेत 'बायल्या', 'छक्का', 'हिजडा'. इंग्रजीतला डाग मराठीत येताना धुऊन निघाला आणि उरला इंग्रजी शिकलेल्याचा सभ्य शब्द. ज्याच्यावर दगड पडतो त्याच्या अंगावरचा शब्द मात्र तसाच राहिला. म्हणून २०१२ साली आलेल्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांच्या आत्मकथनाच्या शीर्षकात 'हिजडा' हाच शब्द आहे, याला आम्ही महत्त्व देतो. त्यांनी पुढे धरलेली किन्नर आखाड्याची वाट आम्हाला मान्य नाही, पण शिवी अंगावर घेऊन तिचे नाव करणे म्हणजे काय, ते त्या शीर्षकाने मराठीला दाखवले. २०१९ साली दिशा पिंकी शेख वंचित बहुजन आघाडीच्या प्रवक्त्या झाल्या, तेव्हा हा आवाज आपल्या राजकारणाच्या व्यासपीठावर आला.

हे आपले काम नाही, असे म्हणणाऱ्यांनी १९३४ साल आठवावे. र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकाने वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिली म्हणून अश्लीलतेचा खटला भरला गेला. त्या प्रश्नांत समलिंगी संबंधही होते. वकीलपत्र घेतले बाबासाहेबांनी. खटला हरले, पण बाजू सोडली नाही. आणखी एक गोष्ट. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातींना जन्माने गुन्हेगार ठरवले. त्याच कायद्याच्या दुसऱ्या भागात 'युनक' म्हणून हिजड्यांची नोंद ठेवायची तरतूद होती. आपल्या भागातल्या पारधी समाजाला 'गुन्हेगार' हा शिक्का काय करतो, हे आम्ही रोज पाहतो. शिक्का मारणारा हात एकच होता.

तरीही आपल्या सभांत विरोधकाला 'बांगड्या भरा', 'बायल्या' म्हणून टाळ्या घेतल्या जातात. जातीवरून शिवी दिली तर आपण अट्रॉसिटी दाखल करतो, आणि ही शिवी भाषण म्हणून ऐकतो. हा दुटप्पीपणा सोडला पाहिजे.

दुसऱ्या बाजूलाही आमचा प्रश्न आहे. कलम ३७७ ची तलवार ६ सप्टेंबर २०१८ रोजी दूर झाली, जात दूर झाली नाही. क्वीअर मित्रमंडळातही आडनाव विचारले जाते. २०१५ च्या दिल्लीतल्या प्राइड मोर्चात दलित क्वीअर कार्यकर्त्यांनी आपली जात उघड सांगितली, ती यासाठीच. जातीबद्दल गप्प बसणारा 'क्वीअर' हा शब्द आम्हाला अर्धाच वाटतो.

भीमेकाठच्या आपल्या मुलांपैकी कुणी उद्या स्वतःला क्वीअर म्हणेल, कुणी तृतीयपंथी, कुणी हिजडा, कुणी काहीच म्हणणार नाही. त्यांना नाव द्यायची घाई आपण करू नये. त्यांनी सांगितलेल्या नावाने हाक मारावी आणि बुद्धविहारात त्यांच्यासाठी जागा ठेवावी.

जय भीम!