लेखकाभिप्रेत अर्थ, बायबलचा

बायबलमधील उतारा ज्याने लिहिला, त्याला आपल्या काळातील वाचकांना जे सांगायचे होते तोच त्या उताऱ्याचा अर्थ, असे मानणारी अर्थनिर्णयाची पद्धत. भाषा, व्याकरण, लेखनप्रकार, मागचापुढचा संदर्भ आणि इतिहास ही तिची साधने. लेखकाच्या मनात डोकावल्याचा दावा ती करत नाही. त्याने शब्दांत जे मांडले तेवढ्यापुरतेच ती बोलते. वेद अपौरुषेय मानणाऱ्या मीमांसकांपुढे कर्त्याच्या हेतूचा प्रश्नच नव्हता. ख्रिस्ती परंपरेत मात्र यिर्मया, लूक, पौल अशी माणसांची नावे ग्रंथांना जोडलेली आहेत आणि त्यांच्यामागे ईश्वरही कर्ता मानलेला आहे. एका ग्रंथाला दोन कर्ते असल्याने या पद्धतीभोवतीचे बरेचसे वाद उद्भवले.

पद्धत प्रत्यक्षात कशी चालते हे यिर्मयाच्या २९ व्या अध्यायावरून दिसते. देवाच्या मनात तुमच्याविषयी हिताच्याच योजना आहेत, अशा आशयाचे त्यातील अकरावे वचन भेटकार्डांवर आणि भिंतीवरच्या तसबिरींत सर्रास आढळते. नोकरी, परीक्षा, लग्न अशा कोणत्याही प्रसंगी ते वैयक्तिक आश्वासन म्हणून वाचले जाते. मुळात हा एका पत्राचा भाग आहे. इ. स. पू. ५९७ मध्ये यरुशलेमहून बाबेलला नेलेल्या बंदिवानांना ते पाठवलेले होते. आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांत सुटका होणार असे छातीठोकपणे सांगतो. यिर्मयाचे पत्र त्या मताला छेद देते: घरे बांधा, बागा लावा, मुलामुलींची लग्ने करा, त्या परक्या नगराच्या भल्यासाठी प्रार्थना करा, कारण परत यायला सत्तर वर्षे लागतील. पत्र ऐकणाऱ्या बहुतेक प्रौढांच्या हयातीत सुटका होणार नव्हती. वचन खोटे ठरत नाही, पण ते एका समाजाला दिलेले आहे आणि त्याची मुदत लांबची आहे. तसबिरीतून नेमके हेच गळते.

शब्दार्थाला धरून राहायचे की त्यापलीकडे जायचे, या प्रश्नावर प्राचीन चर्चमध्ये दोन केंद्रांचे कल वेगळे होते. अलेक्झांड्रियात ऑरिजेनने शास्त्रालाही शरीर, जीव आणि आत्मा असतो असे म्हणून शब्दार्थापलीकडच्या अर्थांना वाट करून दिली. अँटिऑकचे डायोडोर आणि थिओडोर (मृत्यू ४२८) कथानकाला आणि इतिहासाला धरून राहिले. स्तोत्रसंहितेतील मोजकीच स्तोत्रे थिओडोरने ख्रिस्ताविषयीची मानली. ५५३ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेने त्याला दोषी ठरवले ते मुख्यतः ख्रिस्ताच्या स्वरूपाविषयीच्या मतांमुळे. पण त्याची भाष्येही त्या फटक्यात सापडली.

ऑगस्टीनने केलेला चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्याचा (लूक १०) उलगडा रूपकपद्धतीचा प्रसिद्ध नमुना आहे. वाटेत लुटला गेलेला माणूस म्हणजे आदाम, लुटारू म्हणजे सैतान आणि त्याचे दूत, शोमरोनी म्हणजे ख्रिस्त, उतारशाळा म्हणजे चर्च. उतारशाळेचा रखवालदारही पौल ठरतो. रचना देखणी आहे, पण दाखला ज्या प्रश्नावर सांगितला, ‘माझा शेजारी कोण?’, तो प्रश्न तिच्यात कुठेच उरत नाही. याच ऑगस्टीनने ‘कन्फेशन्स’च्या बाराव्या पुस्तकात मोशेच्या मनात नेमके काय होते हे ठामपणे सांगणाऱ्यांना सुनावले आहे, हेही लक्षात ठेवावे लागते.

तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने शब्दार्थ म्हणजे कर्त्याला अभिप्रेत असलेला अर्थ अशी व्याख्या केली, मात्र हा कर्ता ईश्वर असल्याचे सांगून बहुअर्थाला जागा ठेवली. धर्मसुधारणेच्या काळात कॅल्व्हिनने रोमकरांस पत्रावरील भाष्याच्या अर्पणपत्रिकेत (१५३९) लेखकाचे मन उलगडणे हे भाष्यकाराचे जवळजवळ एकमेव काम मानले. शोमरोन्याचे रूपकही त्याने साफ नाकारले. धर्मसुधारकांच्या मूळ हिब्रू आणि ग्रीककडे वळण्याच्या आग्रहाचा एक दूरचा धागा केडगावपर्यंत येतो: पंडिता रमाबाईंनी उतारवयात या दोन्ही भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर केले.

कॅथलिक चर्चने पोप बारावे पायस यांच्या १९४३ च्या परिपत्रकात, आणि नंतर १९६५ च्या ‘देई वेर्बुम’मध्ये, लेखकाचा हेतू शोधण्यासाठी लेखनप्रकार पाहणे आवश्यक ठरवले. इव्हँजेलिकल विद्वानांनी १९८२ च्या शिकागो निवेदनात प्रत्येक उताऱ्याचा अर्थ एकच, निश्चित आणि स्थिर असल्याचे म्हटले. त्यांना आधार मिळाला तो साहित्यसमीक्षेतून. विमसॅट आणि बिअर्डस्ली यांनी १९४६ मध्ये लेखकाचा हेतू हा समीक्षेचा निकष होऊ शकत नाही असे मांडले होते, ई. डी. हर्श यांनी १९६७ मध्ये त्याला उत्तर देताना कृतीचा न बदलणारा अर्थ आणि वाचकागणिक बदलणारे तिचे महत्त्व यांत भेद केला. प्रवचनकारांना हा भेद सोयीचा वाटला यात नवल नाही.

काही ग्रंथांबाबत लेखक कोणाला म्हणायचे हेच ठरत नाही. यशयाचा ग्रंथ एका हातचा नाही असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. ब्रेव्हर्ड चाइल्ड्स यांनी म्हणूनच चर्चच्या हाती आलेल्या अंतिम ग्रंथरूपाकडे लक्ष वळवले.

सर्वांत अवघड पेच बायबलमधलाच आहे. होशेय (११:१) मिसरातून बोलावलेल्या पुत्राविषयी बोलतो तेव्हा तो पुत्र म्हणजे इस्राएल, आणि घटना भूतकाळातली. मत्तय (२:१५) तेच वाक्य बाळ येशूला लावतो. कॅथलिक अभ्यासक रेमंड ब्राउन यांनी १९५५ च्या प्रबंधात अशा ठिकाणी मानवी लेखकाला स्पष्ट न जाणवलेला, पण ईश्वराला अभिप्रेत असलेला ‘अधिक पूर्ण अर्थ’ मांडला. इव्हँजेलिकल अभ्यासक वॉल्टर कायझर यांना हा दुसरा अर्थ अमान्य आहे. तिसरे उत्तर प्रतिरूपाचे आहे: इस्राएलची कथा येशूच्या आयुष्यात पुन्हा घडते असे मत्तयाला दाखवायचे आहे. ते अधिक पटणारे आहे, कारण होशेयही त्याच अध्यायाच्या अकराव्या वचनात लोक पुन्हा एकदा मिसरातून पाखरांसारखे थरथरत परततील असे सांगतो.