बाळंतपणाची रजा

आमच्या हातखंब्याकडे बाईला माहेर हीच काय ती बाळंतपणाची रजा. सव्वा महिना सरला की पुन्हा कामाला! मुंबईच्या गिरणीतली कोकणी बाई बाळंतपणाला गावी आली की पगार तुटे, पुष्कळदा कामही जाई. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई कौन्सिलात डॉ. आंबेडकरांनी, आईला विश्रांती मिळण्यात राष्ट्राचेच हित आहे, असे सांगून प्रसूतिभत्त्याच्या विधेयकास पाठिंबा दिला. खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावा, असेही त्यांचे मत होते. मला तेच अधिक मोलाचे वाटते. १९२९ साली कायदा झाला. १९६१ च्या कायद्याने १२ आठवडे दिले, २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांपुरते २६. मात्र दुसऱ्याच्या शेतात लावणीला जाणारी आमची भगिनी कोणाच्याच हजेरीपटावर नाही. तिची रजा अजून माहेरच देते, तेही आई हयात असली तर.