दोन मॉनिटरची जोडणी (घरगुती संगणक)

एकाच संगणकाला दोन मॉनिटर जोडून दोन्हींवर मिळून कामाची एक सलग जागा तयार करण्याची व्यवस्था. पडदे दोन असले तरी कीबोर्ड आणि माउस एकच राहतो. माउसचा बाण एका पडद्याची कड ओलांडून दुसऱ्यावर जातो. ॲपलच्या 1987 मधील मॅकिंटॉश 2 या संगणकावर ही सोय होती. विंडोजमध्ये ती 98 या आवृत्तीपासून आली. लॅपटॉपला एक बाहेरचा मॉनिटर लावणे हाही याचाच प्रकार.

ज्या कामात एकीकडे पाहून दुसरीकडे लिहायचे असते, त्यात या जोडणीचा खरा उपयोग दिसतो. विदर्भातल्या रामटेकचे उदाहरण घ्या: तिथे 1997 पासून कविकुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठ आहे आणि त्याआधीपासून अभियांत्रिकी महाविद्यालयही आहे; गावात प्रोग्रॅम लिहिणारे आणि जुन्या हस्तलिखितांवर काम करणारे, असे दोन्ही प्रकारचे विद्यार्थी आढळतात. प्रोग्रॅम लिहिणारा एका पडद्यावर मजकूर आणि दुसऱ्यावर त्याचा परिणाम ठेवतो. हस्तलिखिताची प्रत करणाऱ्याची गरज अधिक नाजूक असते. एकाच पडद्यावर खिडक्या उलटसुलट करताना नजरेची ओळ सुटते, आणि तोच शब्द दोन ओळींत आला असेल तर मधला मजकूर गळतो. जुन्या लेखनिकांच्या हातूनही असेच शब्द गळत. हस्तलिखिताचे छायाचित्र आणि टंकलेखन शेजारी शेजारी असले की ही चूक कमी होते. पोथीचे पान आडवे आणि लांबट असल्याने आडव्या पडद्यावर ते चांगले मावते. छापील पुस्तकाचे पान उभे असते, म्हणून त्यासाठी काही जण दुसरा मॉनिटर उभा फिरवून ठेवतात. मात्र त्याकरिता स्टँड फिरणारा हवा आणि सेटिंगमध्येही दिशा बदलावी लागते.

खरेदीआधी संगणकाची मागची बाजू पाहावी. तिचा फोटो मोबाइलमध्ये असला तर रामटेकहून सुमारे 50 किलोमीटरवरच्या नागपूरची दुसरी फेरी वाचते. या मागच्या बाजूला चारपैकी काही जागा दिसतात: व्हीजीए (1987), निळसर, पंधरा भोकांची आणि ॲनालॉग, डीव्हीआय (1999), एचडीएमआय (2002), आणि डिस्प्लेपोर्ट (2006). नव्या लॅपटॉपला यूएसबी-सी असते, पण प्रत्येक यूएसबी-सी पोर्टमधून चित्र बाहेर पडतेच असे नाही. ते लॅपटॉपच्या माहितीपत्रकात तपासावे. घरी पडून असलेला जुना मॉनिटर बहुधा व्हीजीएचा असतो. एचडीएमआयवरून तो चालवायला नुसती केबल पुरत नाही, डिजिटल संकेत ॲनालॉग करणारा कन्व्हर्टर लागतो. एका पोर्टचे दोन करणारे स्वस्त स्प्लिटर दोन्ही पडद्यांवर तेच चित्र दाखवतात. दुसरी जागा मिळाल्याच्या आनंदात ही गोष्ट बऱ्याच जणांच्या उशिरा लक्षात येते.

नेहमीची गफलत अशी: संगणकात वेगळे ग्राफिक्स कार्ड असते, एक मॉनिटर त्यात खोचतात आणि दुसरा मदरबोर्डच्या पोर्टात, दुसऱ्यावर काहीच उमटत नाही. कार्ड बसवल्यावर बऱ्याच मदरबोर्डांवरचा स्वतःचा चित्रमार्ग बंद होतो. दोन्ही केबल कार्डातच लावाव्यात, किंवा बायोसमधून तो मार्ग चालू करावा. प्रोसेसरच्या नावाअखेर 'एफ' असलेल्या इंटेलच्या चिपमध्ये चित्रव्यवस्थाच नसते, तिथे बायोसही उपयोगी नाही.

विंडोजमध्ये विंडोज कळ आणि 'पी' एकत्र दाबली की चार पर्याय येतात. कामाचा पर्याय 'एक्स्टेंड'; 'डुप्लिकेट' शिकवणीला बरा. पुढे डिस्प्ले सेटिंगमध्ये पडद्यांच्या 1 आणि 2 अशा चौकटी दिसतात. त्या टेबलावरच्या प्रत्यक्ष मांडणीप्रमाणे सरकवाव्यात, नाहीतर डावीकडे नेलेला बाण उजवीकडे निघतो. चौकटींच्या वरच्या किंवा खालच्या कडा जुळल्या नाहीत तर बाण काही ठिकाणी भिंतीला अडल्यासारखा थांबतो. मुख्य पडदा कोणता, हेही तिथेच ठरवता येते.

दोन वेगळ्या वयांचे मॉनिटर शेजारी आले की अक्षरे लहानमोठी दिसतात. 24 इंची, 1920 गुणिले 1080 पडद्यावर इंचाला सुमारे 92 बिंदू येतात. तेवढेच बिंदू 14 इंची लॅपटॉपवर दाटले की 157. स्केलिंगने लॅपटॉपची अक्षरे सव्वा किंवा दीडपट करून फरक बराच मिटवता येतो. रंग मात्र क्वचितच पूर्ण जुळतात. फोटोचे काम करायचे असेल तर एकाच प्रतीचे दोन पडदे घेणे सोपे.

विजेच्या बाजूने जास्तीचा भार थोडाच असतो: 24 इंची एलईडी मॉनिटर साधारण 20 ते 25 वॅट घेतो. अर्थिंग मात्र महत्त्वाचे. ते नसेल तर धातूच्या भागाला हात लावताना झिणझिण्या येतात. संगणक आणि मॉनिटर वेगवेगळ्या भिंतींवरच्या सॉकेटांवर असतील तर व्हीजीएच्या चित्रात पट्टे सरकू शकतात. सगळे एकाच चांगल्या बोर्डावर, शक्य तर यूपीएसवर घ्यावे. मृगाच्या गडगडाटात पिना काढून ठेवण्याची घरोघरची सवय इथेही लागू आहे. घरगुती मॉनिटर बहुधा 40 अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. विदर्भातला मे महिना त्यापुढे जातो, म्हणून दुपारी पडद्यामागे हवा खेळती हवी. पण कूलरचा ओलसर झोत थेट त्यावर येऊ देऊ नये.

मांडणीत काम ज्यावर जास्त, तो पडदा छातीसमोर ठेवतात आणि दुसरा त्याला चिकटून थोडा आत वळवतात. दोन्हींचा वापर सारखाच असेल तर मधली फट नाकासमोर येते. अंतर हातभर, वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली. दुहेरी चष्मा वापरणारे पडदा आणखी खाली घेतात, नाहीतर खालच्या काचेतून पाहण्यासाठी मान सतत वर करावी लागते.