मणिकांचनयोग

घड्याळाचा शोध माणसाने वेळ कळावी म्हणून लावला, असा एक समज आहे. शाळेतल्या पुस्तकापुरता तो ठीक आहे. प्रत्यक्षात आमच्या परळच्या चाळीत वेळ कळायला कुणाला घड्याळ लागत नसे. गिरणीचा भोंगा झाला की सात वाजले, नळाचं पाणी गेलं की आठ, आणि समोरच्या बिऱ्हाडातले मास्तर छत्री घेऊन जिना उतरू लागले की पावणेदहा. मुंबईत तर वेळ कोणती यावरच एकमत नव्हतं. १९०६ साली सरकारने अख्ख्या देशाला एक प्रमाणवेळ लावून दिली. मुंबई महापालिका म्हणाली, तुमची वेळ तुम्हाला लखलाभ. आणि तिने ३९ मिनिटं मागे चालणारी 'मुंबई वेळ' थेट १९५५ सालापर्यंत जपली. ज्या शहरात दोन-दोन वेळा सुखाने नांदत होत्या, तिथला माणूस घड्याळ घेई तो काय वेळ पाहायला? छे! घड्याळ घ्यायचं ते दुसऱ्याने पाहावं म्हणून.

आणि हे दुसरे लोक सर्वांत मोठ्या संख्येने जमतात ते लग्नात. त्यामुळे घड्याळाचं आणि लग्नाचं नातं आपल्याकडे फार जुनं आहे. घड्याळ हा शब्दच मुळी घटिकेवरून आला. पूर्वी मुहूर्त साधायला मांडवात घटिकापात्र ठेवीत. बुडाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची. ती भरून बुडाली की एक घटका, म्हणजे २४ मिनिटं झाली. या यंत्राला किल्ली लागत नसे, ते दुरुस्तीला टाकावं लागत नसे, आणि एखाद्या जावयाने ते मागितल्याचं ऐकिवात नाही. पुढे वाटी गेली आणि घटका जावयाच्या मनगटावर चढली.

मनगटावर चढली ती मात्र स्वित्झर्लंडहून येऊन. १७३७ सालापासून घड्याळं करणारं फेव्हर-ल्यूबा घराणं १८६५ साली मुंबईच्या बाजारात उतरलं. वेस्ट एंड वॉच कंपनीने मुंबई-कलकत्त्यात बस्तान बसवलं. तिच्या एका घड्याळाचं नाव 'सोवार', म्हणजे आपला स्वार. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात गेलेल्या हिंदी शिपायांच्या मनगटांवर या कंपनीची घड्याळं होती. त्याआधी युरोपात पुरुषाने मनगटाला घड्याळ बांधणं बायकी समजत. पण एका हातात लगाम आणि दुसऱ्या हातात बंदूक असली की खिशातलं घड्याळ काढायला तिसरा हात आणायचा कुठून? तेव्हा मर्दानगीची व्याख्या थोडी सैल करण्यात आली.

आमच्या अण्णांकडे फेव्हर-ल्यूबा होतं. १९५१ साली बोनसच्या पैशांत घेतलेलं. रोज रात्री जेवण झालं की ते खिडकीशी बसून त्याला किल्ली देत. बावीस वेळा, मोजून. त्या वेळी त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही, असा घरात दंडक होता. संध्येला बसलेले अण्णा एक वेळ उत्तर देत. किल्ली देणारे अण्णा देत नसत.

अण्णांनी घेतलं ते वेळेवर घेतलं. कारण पुढे देशाला परकीय चलनाची चणचण भासू लागली. धान्य आणि यंत्रसामग्री आणायला डॉलर पुरेनात, तिथे मनगटाची हौस कोण पुरवणार? घड्याळांच्या आयातीवर निर्बंध आले. १९६२ च्या कस्टम्स कायद्याचं १२३ वं कलम वाचण्यासारखं आहे. त्यात सोनं आणि घड्याळं एका पंक्तीला बसवली आहेत. चोरटा माल असल्याच्या वाजवी संशयावरून तुमचं घड्याळ जप्त केलं, तर ते चोरटं नाही हे तुम्हीच सिद्ध करायचं. खुनाच्या आरोपीलासुद्धा कायदा सुरुवातीला निर्दोष धरतो. घड्याळवाल्याला ती सवलत नाही.

एवढा मान मिळाल्यावर घड्याळाचा भाव चढणारच. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मुसाफिरखान्यात 'फॉरेन' घड्याळ मिळतं, असं सगळे एकमेकांच्या कानात सांगत. खरं की बनावट, हे विचारायची सोय नव्हती, कारण चोरट्या मालाची पावती मागणार कुणाकडे? घेणारा एकच प्रश्न जाणकारपणे विचारी, "ज्युएल किती?" घड्याळातली ही रत्नं म्हणजे कारखान्यात तयार केलेली चिमुकली माणकं. चाकांचे आस झिजू नयेत म्हणून ती बसवतात. त्यांची किंमत अगदी किरकोळ. पण 'सतरा ज्युएल' म्हटलं की ऐकणाऱ्याला मयूरासन मनगटावर बांधल्यासारखं वाटे.

सरकारलाही हे दिसत होतंच. १९५३ साली बंगलोरला स्थापन झालेल्या हिंदुस्थान मशीन टूल्सने, म्हणजे आपल्या एच.एम.टी.ने, १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीशी सहकार्य करून मनगटी घड्याळांचा कारखाना काढला. त्याच १९६१ साली संसदेने हुंडाप्रतिबंधक कायदा केला. म्हणजे सरकारने एका हाताने हुंडा बंद केला, आणि दुसऱ्या हाताने वरपक्षाला मागायला एक अस्सल स्वदेशी वस्तू तयार करून दिली.

या घड्याळांची नावं मोठी गोड होती. जनता, पायलट, कोहिनूर, सोना, सुजाता. आणि या सगळ्यांत देखणं कांचन. सोनेरी अंगाचं, वार-तारीख सांगणारं, आणि ऑटोमॅटिक, म्हणजे किल्ली न देता हाताच्या हालचालीवर चालणारं. छापील किमतीत ते मिळणं म्हणजे पूर्वजन्मीचं पुण्य. कारखाने वाढत होते, बंगलोर झालं, श्रीनगर झालं, तुमकूर झालं; पण देशात नवरदेव त्याहून वेगाने वाढत होते. रत्न आणि सोनं एकत्र आलं की त्याला मणिकांचनयोग म्हणतात. आमच्या घराण्यात हा योग १९७८ साली आला.

माझ्या धाकट्या बहिणीचं, सुधाचं, लग्न ठरत होतं. मुलगा बँकेत, निर्व्यसनी, नाकीडोळी नीटस. बोलणी करायला मुलाचे काका आले होते. पानाला चुना लावता लावता ते म्हणाले, "आम्हाला काही नको हो. हुंडा आमच्यात घेतच नाहीत. मुलीच्या अंगावर काय घालाल ती तुमची हौस. मुलाला एक घड्याळ तेवढं द्या."

"अवश्य," अण्णा म्हणाले.

काकांनी पान तोंडात टाकलं, सावकाश चावलं, आणि म्हणाले, "कांचन असू द्या."

हे त्यांनी इतक्या सहजपणे सांगितलं, की जणू आंघोळीला पाणी जरा कढत असू द्या.

घड्याळ आणायचं काम माझ्याकडे आलं. माझ्या आयुष्यातलं पहिलं भारी घड्याळ घ्यायला मी निघालो, तो असा दुसऱ्याच्या मनगटासाठी. फोर्टातल्या एका दुकानात शिरून विचारलं, "कांचन आहे का?"

"जनता न्या," दुकानदार वर न बघता म्हणाला.

"जनता नको, कांचन हवंय."

"मग सुजाता न्या."

"ते बायकांचं ना?"

"तुम्ही कांचन कांचन करताय, मला वाटलं मुलीसाठीच हवंय."

दुसऱ्या दुकानात माझं नाव एका जाडजूड वहीत लिहून घेण्यात आलं. "लग्न कधी आहे?" मालकांनी आपुलकीने विचारलं. मी म्हटलं, "वैशाखात." ते म्हणाले, "कुठल्या वर्षीच्या?"

तिसऱ्या दुकानात चमत्कार झाला. काचेच्या कपाटात, निळ्या मखमलीवर, साक्षात कांचन! मी बोट दाखवलं. "ते विकायचं नाही," मालक म्हणाले. "ते दाखवायचं आहे." मी मुलीचा भाऊ आहे हे माझ्या चेहऱ्यावर लिहिलेलं असावं, कारण मी हललो नाही हे पाहून त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, एका चिठोऱ्यावर एक आकडा लिहिला, मला दाखवला आणि चिठोरं फाडून टोपलीत टाकलं. ते 'वरचे' होते. छापील किंमत माझ्या पगारात कशीबशी बसत होती. वरचे कशातच बसत नव्हते.

घरी येऊन अण्णांना आकडा सांगितला. ते काही बोलले नाहीत. चार दिवसांनी त्यांनी एक पाकीट माझ्या हातात ठेवलं. ते देताना त्यांच्या सदऱ्याची बाही वर सरकली. सत्तावीस वर्षं ऊन न लागलेला एक गोल, पांढरा डाग मनगटावर होता.

"वेळ कळायला घड्याळ लागतंच असं नाही," अण्णा म्हणाले. "भोंगा आहे की."

त्यांनी पुन्हा घड्याळ घेतलं नाही. १९८२ साली गिरण्यांचा संप झाला आणि भोंगाही थांबला. मग ते आईला वेळ विचारीत. रात्री जेवण झालं की मात्र सवयीने खिडकीशी जाऊन बसत. आता त्यांच्याशी बोलायला हरकत नव्हती, पण कुणी बोलत नसे.

कांचनचं पुढे काय झालं तेही ऐका. आमचे मधुकरराव सोन्यासारखा माणूस. घड्याळ त्यांनी मागितलंच नव्हतं. काकांनी मागितलं हे त्यांना मांडवात कळलं, आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल होऊन त्यांनी ते बांधून घेतलं. पण एवढी मोलाची वस्तू लोकलच्या गर्दीत न्यायची कशी? ती कपाटात गेली आणि बँकेत जायला मधुकररावांनी जनता घेतलं. आता ऑटोमॅटिक घड्याळ मनगट हललं तरच चालतं. कपाट हलत नाही. त्यामुळे घरातलं सर्वांत महाग घड्याळ कायम बंद. कुणाच्या लग्नाला निघायचं झालं की मधुकरराव जनतात बघून कांचनची वेळ लावीत, आणि मग जनता कपाटात ठेवीत.

एवढी यातायात करून मिळवलेली वस्तू पुढच्या दहा वर्षांत रस्त्यावर आली. १९६९ च्या नाताळात जपानच्या सायको कंपनीने पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विकायला काढलं होतं. किंमत साडेचार लाख येन. तेवढ्यात तेव्हा जपानात एक छोटी मोटार येई. पण हे तंत्र भराभर स्वस्त झालं. स्वित्झर्लंडच्या घड्याळधंद्यात १९७० च्या सुमारास ९०,००० माणसं होती, ती पंधरा-सोळा वर्षांत ३०,००० च्या आसपास उरली. आपल्याकडे टाटा आणि तमिळनाडू सरकारचं औद्योगिक महामंडळ यांनी मिळून १९८४ साली टायटन काढली. १९८७ पासून मोत्सार्टच्या सुरावटीवर दुकानात या, बघा, आवडेल ते घ्या, असा मामला सुरू झाला. वही नाही, वैशाख नाही, वरचे नाहीत. जानेवारी २०१६ मध्ये एच.एम.टी.चा घड्याळ विभाग बंद करायला केंद्र सरकारने मंजुरी दिली. तो बंद होणार ही बातमी २०१४ साली आली, तेव्हा ज्यांनी वर्षानुवर्षं त्याची विचारपूस केली नव्हती, ते सगळे जनता आणि पायलट घ्यायला धावले. आपल्याकडे आजाऱ्यापेक्षा मयताला गर्दी जास्त, ती अशी.

टंचाई संपली म्हणून कुणी सुटकेचा निःश्वास टाकला असेल, तर त्याने माझ्या भाच्याला, सुधाच्या मुलाला, भेटावं. तो सिंगापूरला असतो. पहिलं भारी घड्याळ घ्यायचं म्हणून त्याने एक स्विस घड्याळ मनात धरलं आहे. सोन्याचंही नव्हे, साध्या पोलादाचं. पैसे त्याच्याकडे आहेत. घड्याळ दुकानदाराकडे नाही. म्हणजे आहे, काचेत आहे. "पण मामा," तो फोनवर म्हणाला, "ते म्हणतात, हे विकायचं नाही, दाखवायचं आहे."

माझ्या अंगावर काटा आला. "आणखी काय म्हणाले?"

"म्हणाले, तोवर दुसरं एखादं घ्या. ओळख वाढते."

म्हणजे जनता न्या!

आमची टंचाई गरिबीची होती. यांची श्रीमंतीची आहे. दोन्हींतले दुकानदार मात्र सख्खे भाऊ. रोलेक्सचं डेटोना नावाचं घड्याळ १९६३ साली निघालं, तेव्हा दुकानात पडून राही. १९८८ साली त्याचा ऑटोमॅटिक अवतार आला आणि रांगा लागल्या. तसलं एक जुनं डेटोना पॉल न्यूमन या नटाला त्याच्या बायकोने दिलं होतं. हा गृहस्थ मोटारींच्या शर्यतीत पळायचा, म्हणून तिने पाठीमागे 'जपून चालव' अशा अर्थाची ताकीद कोरून घेतली होती. १९८४ साली एकदा न्यूमनने आपल्या मुलीच्या मित्राला वेळ विचारली. त्या पोराकडे घड्याळच नव्हतं. न्यूमनने मनगटावरचं काढून त्याला देऊन टाकलं. २०१७ साली न्यूयॉर्कच्या लिलावात ते १ कोटी ७७ लाख डॉलरांना गेलं. तोवरच्या लिलावांत एवढी किंमत कुठल्याच मनगटी घड्याळाला आली नव्हती. मुलीच्या बापाने हातातलं घड्याळ काढून दिलं, एवढीच ती गोष्ट. आमच्या घरीही तेच घडलं. फरक इतकाच, की तिथे काका नव्हते.

मधुकरराव आता नाहीत. गेल्या खेपेस भाचा आला, तेव्हा त्याने कपाटातलं कांचन मागितलं. "बाबांची आठवण," म्हणाला. सुधाने ते साडीच्या पदराने पुसलं, त्याच्या हातात दिलं आणि म्हणाली, "ने. पण बाबांचं म्हणून सांगू नकोस. ते माझ्या बाबांचं आहे."

मग तिने त्याला समोर बसवून सगळं सांगितलं. पांढऱ्या डागासकट. मला वाटत होतं, तिला ते ठाऊक नाही.

सिंगापूरला तो आता ते रोज घालतो. मनगट हलत असल्यामुळे चालतंही छान. दिवसाला दोन मिनिटं पुढे जातं, पण या वयात एवढी घाई चालायचीच. परवा त्या स्विस दुकानात आपला नंबर आला का बघायला तो गेला होता. रांगेतल्या एका शौकिनाने त्याच्या हाताकडे वाकून पाहिलं, हे कुठलं म्हणून विचारलं आणि विकणार का म्हणून चौकशी केली.

"नाही," भाचा म्हणाला. "हे दाखवायचं आहे."