टिचकी, सुई आणि पुन्हा टिचकी

‘कुली’च्या चित्रीकरणात १९८२ साली अपघात झाला, तेव्हा अमिताभ बच्चन यांना कित्येकांचे रक्त चढवावे लागले. त्यातून हिपॅटायटिस बी अंगात शिरला. बच्चन यांना त्याचा पत्ता लागला तो जवळपास १८ वर्षांनी, एका नेहमीच्या तपासणीत. तोवर यकृताचा ७५ टक्के भाग निकामी झाला होता, असे त्यांनी स्वतःच जाहीरपणे सांगितले आहे. यकृताची तक्रार सहसा उशिराच ऐकू येते. तोवर आतल्या आत वण पडत राहतात. ते बाहेरून ओळखायचे कसे?

आधी होती ती बोटांची टिचकी. ऑस्ट्रियातल्या लिओपोल्ड आउएनब्रुगरने १७६१ साली छातीवर टिचक्या मारून आवाजावरून आतली अवस्था ओळखायची रीत पुस्तकातून मांडली. पुढे डॉक्टर याच रीतीने यकृताची कड शोधू लागले. पण कड लागली तरी वण कळत नाहीत. म्हणून सुई आली. बर्लिनमध्ये पाउल एर्लिख यांनी १८८३ साली सुईने यकृताचा अंश काढला, तो मधुमेहाच्या अभ्यासासाठी. इटलीच्या जॉर्जो मेंघिनींनी १९५८ मध्ये हे काम सेकंदाभरावर आणले आणि बायोप्सी रुळली. तरी रक्तस्रावाची धास्ती उरलीच. शिवाय हाती येणारा तुकडा यकृताच्या जेमतेम पन्नास हजाराव्या हिश्शाएवढा. शेजारचा भाग कसा आहे, ते त्यावरून सांगता येईलच असे नाही.

टिचकी परतली ती पॅरिसमध्ये. लोराँ सांद्रँ आणि सहकाऱ्यांनी २००३ साली ज्या यंत्राचे निष्कर्ष प्रसिद्ध केले, ते आजचे फायब्रोस्कॅन. रुग्णाने उताणे झोपायचे, उजवा हात डोक्यामागे घ्यायचा. दोन बरगड्यांच्या मधे जेल लावून प्रोब टेकवला की त्याचे टोक हलकेच थडकते. ती थरथर यकृतातून पुढे सरकते आणि अल्ट्रासाउंड तिचा वेग मोजतो. वण वाढले की यकृत कडक होते, आणि कडक यकृतात लहर जोरात धावते. अशी दहा मोजमापे घेऊन मधला आकडा किलोपास्कलमध्ये देतात. तीन तास पोट रिकामे हवे, कारण जेवणानंतर आकडा फुगतो.

मला मात्र याहून मोलाची वाटते ती बिनयंत्राची युक्ती. रिचर्ड स्टर्लिंग आणि सहकाऱ्यांनी एचआयव्ही व हिपॅटायटिस सी एकत्र असलेल्या रुग्णांवरून २००६ मध्ये ‘फिब-४’ हे सूत्र बसवले. वयाला एसजीओटी या यकृताच्या रक्तचाचणीच्या आकड्याने गुणायचे. मग प्लेटलेट्स (हजारांत) गुणिले एसजीपीटी या तशाच चाचणीच्या आकड्याचे वर्गमूळ, याने भागायचे. समजा वय ५२, एसजीओटी ४८, एसजीपीटी ६४, प्लेटलेट्स १ लाख ६० हजार. उत्तर येते १.९५. फॅटी लिव्हरच्या रुग्णात १.३ च्या खाली असेल तर मोठे वण असण्याची शक्यता कमी, २.६७ च्या वर असेल तर तज्ज्ञ गाठायलाच हवा. आपले १.९५ मधले, म्हणजे आता फायब्रोस्कॅन करावे. पासष्टीनंतर खालची मर्यादा २ धरतात.

घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीच्या कुठल्याही पॅथॉलॉजी लॅबमध्ये यासाठीच्या रक्तचाचण्या होतात. मधुमेह असेल किंवा सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर’ लिहून आले असेल, तर जुना रिपोर्ट फाइलमधून काढा आणि पुढच्या खेपेला डॉक्टरांना फिब-४ काढून द्यायला सांगा.