आठवड्याचा हप्ता

मी साप्ताहिकासाठी क्रमशः कादंबऱ्या लिहिते, त्यामुळे हरिभाऊ आपट्यांच्या उरकाचं मला मनापासून अप्रूप वाटतं. १८९० साली त्यांनी पुण्यात ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केलं. त्यांची ‘पण लक्ष्यात कोण घेतो?’ ही कादंबरी त्यातूनच हप्त्याहप्त्याने वाचकांच्या घरी गेली. हप्ता संपताना उत्कंठा ताणून धरायची, हा आमचा हुकमी डाव. या कादंबरीच्या नायिकेची, यमूची, कहाणी मात्र घरातल्या बोलण्यावर पुढे सरकते. मैत्रीण दुर्गीशी चाललेलं हितगुज, शंकरमामंजींचा जाच, बायकांचे टोमणे. आणि विधवेच्या केशवपनाचा तो घाव तिशीही न गाठलेला एक पुरुष तिच्याच तोंडून सांगतो! मला मराठी गद्यातलं हे फार मोठं धाडस वाटतं.

हरिभाऊंच्या लेखनाच्या जोडीला संपादन होतं, पुण्यातल्या आनंदाश्रम संस्थेची व्यवस्था होती, नगरपालिकेचं काम होतं. शिवकाळावरची ‘उषःकाल’ही ‘करमणूक’मधूनच आली. या धबडग्यात काही कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या, काहींत पाल्हाळ शिरला. दर आठवड्याला छापखाना मजकुरासाठी खोळंबलेला असताना मागे वळून काटछाट कधी करणार? तरी पाल्हाळासकट मला तेच हरिभाऊ हवेत. त्या ऐसपैसपणामुळेच यमूच्या घरातला प्रत्येक माणूस स्वतःच्या लकबीत बोलतो.